शेतीत कसलं आलंय नेतृत्व?

सातवीतल्या मुलीला घेऊन आई-बाबा माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. शाळेच्या शेती गटाची प्रमुख म्हणून शिक्षकांनी तिचं नाव सुचवलं होतं आणि त्यावरून घरात धुसफूस चालू होती. "मॅडम, नेतृत्वच शिकवायचं तर वक्तृत्व आहे, विज्ञान मंडळ आहे. शेतीत कसलं आलंय नेतृत्व? शिवाय ही चारचौघांत तोंडसुद्धा उघडत नाही," बाबा म्हणाले. मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत बसली होती.

अशा पालकांच्या मनात दोन काळज्या एकमेकींत गुंतलेल्या असतात: शेतीकडे वळलं की पोर मागे पडणार, आणि पुढारपण बोलक्या मुलांनीच करायचं.

पहिल्या काळजीवर मी 'अमूल'च्या वर्गीस कुरियन यांचं उदाहरण दिलं. डॉक्टरांचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर. १९४९ साली ते गुजरातमधल्या आणंदला आले तेही नाइलाजाने, शिष्यवृत्तीच्या करारापोटी. पण शेतकऱ्यांना एकत्र आणणारे त्रिभुवनदास पटेल तिथे होते, आणि दोघांच्या जोडीने दुधाची अख्खी व्यवस्था उभी राहिली. बाबांना मात्र दुसरीच गोष्ट भावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांचे मका गट निघाले. मोठी माणसं नवी पद्धत करून बघायला राजी नसायची. मुलांनी आपापल्या तुकड्यावर पीक काढून दाखवलं, तेव्हा कुठे बापांनी ती उचलली. पुढच्या फोर-एच या मुलांच्या चळवळीची मुळं या गटांत आहेत. "म्हणजे पोरांनी बापाला शिकवायचं!" म्हणत ते हसले.

मुलीच्या बाबतीत माझंच चुकलं. बियाणे संशोधन, सिंचन, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रांची यादी मी तिच्यापुढे ठेवली. "बरं," एवढंच ती म्हणाली. बारा वर्षांच्या मुलाला अशा यादीचं काय करायचं असतं? तरी शाळांमधून आपण तेच वाटत सुटतो. मग मी तिला गटाची वही आणायला सांगितली.

पुढच्या भेटीत वही उघडल्यावर ती आपणहून बोलू लागली. तिसऱ्या वाफ्यातली रोपं पिवळी पडत होती. पाणी कमी पडतंय असं समजून सगळे आणखी ओतत होते. हिने मातीत बोट खुपसून पाहिलं, तर वर कोरडी माती आणि खाली नुसता चिखल. मुळांना हवाच मिळत नव्हती. वही चाळल्यावर कळलं, सकाळची आणि दुपारची, दोन्ही तुकड्या त्याच वाफ्याला पाणी देत होत्या. हिने प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी एक काठी रोवली. पाणी घातलं की काठी आडवी ठेवायची, आडवी दिसली की पुढे जायचं.

शिक्षकांना मी इतकंच कळवलं: पद दर महिन्याला फिरवा, पण चुकू शकेल असा एखादा निर्णय मुलांच्या हाती खरोखर सोपवा. चार रोपं मेली तरी चालतील.

निघताना बाबांनी तिला विचारलं, "आणि काठी आडवी करायला कुणी विसरलं तर?"

"विसरतात की. म्हणून तर उद्या मीटिंग ठेवलीय."