केमोची तारीख घेण्याआधी

अगं, घरात सगळे म्हणतील, "आधी जीव वाचू दे, लेकराचं नंतर बघू." चुकीचं नाही, पण त्या 'नंतर'ची सोय कॅन्सरच्या केमोच्या आधीच करावी लागते. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या केमोच्या औषधांनी अंडाशयातली स्त्रीबीजं घटतात. तेव्हा पहिली सलाइन लागण्याआधीच डॉक्टरांना थेट विचार, "बीजं गोठवून ठेवायला वेळ आहे का?" ते आपणहून बोलतीलच असं नाही, संभाजीनगरच्या ओपीडीत बीड-जालन्यापासूनची गर्दी असते.

पाळीची वाट बघत बसू नकोस, बीजं वाढवायची इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. साधारण 10 ते 14 दिवस रोज पोटावर बारीक सुई, मधेमधे सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढतात. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर असेल तर सोबत लेट्रोझोलच्या, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन कमी ठेवणाऱ्या, गोळ्या देतात. काही ब्लड कॅन्सरमध्ये मात्र एवढी सवड मिळत नाही.

सासरचे म्हणतील, गर्भच गोठवा, म्हणजे तुझं बीज नि नवऱ्याचा शुक्राणू जुळवून लॅबमध्ये केलेला. त्याला नवऱ्याची संमती लागते, आणि कृत्रिम गर्भधारणेच्या 2021 च्या कायद्यानं तो 10 वर्षांपर्यंतच ठेवता येतो. बीजं तुझी एकटीची. मी तरी बीजंच म्हणेन. आणि हो, ठेवणावळीचे दरवर्षी किती पैसे लागतील, ते काउंटरवर आधीच कागदावर लिहून घे.