सहलीला पैसे नसतील तर तिसरी-चौथीच्या मुलांना वर्गाबाहेर काय दाखवावं?

मी पुणे जिल्ह्यातल्या एका दोन-शिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. सहलीचा खर्च पालकांना झेपत नाही, मग वर्गाबाहेरचा अनुभव कसा द्यायचा, असं तुम्ही विचारलंय. शाळेपासून दहा मिनिटांवरची एकच जागा धरा आणि वर्षभर तिथंच जात राहा, असं मी सांगेन. आम्हीही एकदा गाडी करून लांब गेलो होतो. परतल्यावर मुलांच्या निबंधांत कुणाला गाडी लागली आणि आइस्क्रीम कुठं खाल्लं एवढंच होतं.

आमची जागा म्हणजे एका शेतकऱ्याची कठड्याची विहीर. पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जातो. जुलैत पहिल्या खेपेला मुलं नुसती ओरडत होती. मी ओरडू दिलं. दुसऱ्या खेपेला खोपे मोजले, तिसऱ्या खेपेला आकडा वाढलेला निघाला. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, ही काही घरटी अर्धीच का सोडलीत?" मी लगेच उत्तर दिलं नाही, बघत बसलो. विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. घरटं उलट्या टोपीसारखं अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तरच तो खाली लांब नळी विणून ते पुरं करतो, नाहीतर दुसरं सुरू करतो. नाव सुगरण आणि विणणारा नर, हे त्या दिवशी प्रत्येक घरी पोचलं. खोपे पाण्यावरच का, यावर मुलांनीच "साप येऊ नये म्हणून" असा अंदाज बांधला.

पाऊस सरला की मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि साडेबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली मोजा. आमच्याकडे 22 डिसेंबरच्या आसपास ती 90 सें.मी. भरते, 21 मार्चच्या सुमारास 33. "बाराला का नाही?" हा प्रश्न येतोच. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. चौथीतल्या मुलांना पृथ्वीचा गोल हातात दिला की हे कळतं, मी पाहिलंय.

काळजी मात्र घ्याच. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगा, सोबत दुसरं मोठं माणूस हवंच. विहिरीच्या दहा पावलं अलीकडे मी दोरी आखते, तिच्या पुढं कुणी जायचं नाही. आदल्या दिवशी स्वतः जाऊन झाडावर आग्यामोहोळ नाही ना ते बघा.

पाऊस सुरू झाला की गावातल्या जुन्या विहिरींवर एकदा चक्कर मारा. नर विणायला बसलेले दिसतील.