अंगठ्याला पत्ता लागू देऊ नका

प्रश्न : दादा, मी शहाद्याची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिची गिटार घरीच राहिली. पिक (तारा छेडायची चकती) न घेता नुसत्या बोटांनी वाजवतात, एकाच गिटारीतून ठेकाही चालतो आणि चालही, त्याचं मला लग्नाआधीपासून वेड. आता शिकायला बसले, तर चाल धरली की अंगठा थांबतो. त्यात मे महिन्यापासून जाड तारा झणझणतात. दुकानदार म्हणतो तारा बदला, घरचे म्हणतात या वयात कशाला. इथे शिकवणारं कोणी नाही. आणि नखं वाढवावी लागतात का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, आधी झणझण, कारण तिच्यात तुमच्या बोटांचा काही दोष नाही. मे महिन्यातली आपल्याकडची हवा गिटारीच्या लाकडातलं पाणी शोषून घेते. पुढची फळी किंचित खाली बसते, नेक, म्हणजे गिटारीची मान, मागे झुकते, तारा तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटला, घासू लागतात. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्यापाशी डोळा लावून बघा. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. तार फ्रेटवर सपाट टेकली असेल, तर नव्या तारांनी काही होणार नाही. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती गिटारीच्या पेटीत ठेवा आणि पेटी बंद. धाब्याचं घर असेल तर उत्तम, पत्र्याखाली मात्र गिटार ठेवू नका. कूलरच्या झोतातही नको. पाऊस पडला की लाकूड फुगतं, तारा उंच होतात, तेव्हा स्पंज काढून टाकायचा. एवढं करूनही झणझण राहिलीच, तर जाणत्या माणसाकडून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, थोडा सैल करून घ्या. पाना घेऊन उत्साहाने पुढे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना लांब ठेवा.

आता अंगठा. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. ड्यूटीवरून आले की व्हरांड्यात गिटार घेऊन बसत. तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, टेकवलेली, त्यामुळे जाड तारा दबक्या वाजायच्या, धुप-धुप. आतून बायको काही विचारायची, ते उत्तर द्यायचे, हसायचे, पण अंगठ्याला त्याचा पत्ता नसायचा. मला हे वेड तिथं लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

तुम्ही अंगठा आणि बोटं एकदम शिकायला गेलात, म्हणून अडलं. सी कॉर्ड धरा आणि फक्त अंगठा चालवा : पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. बाकी काही नाही. कंटाळा येईल, येऊ द्या. घरात कुणी 'भाजी काय करायची' विचारलं आणि तुम्ही ठेका न मोडता 'गिलके' म्हणालात, की अंगठा तयार. मग मधल्या बोटाने दुसरी तार अंगठ्याबरोबरच छेडा. ते बसलं की तीच तार अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये आणा. घरोटावर दळणाऱ्या बाईचा हात फिरतच असतो आणि ओवी आपल्या मर्जीने त्यावर चढते-उतरते, तसं हे आहे.

शिकवणारं नाही म्हणता, तर चेट ॲटकिन्स या अमेरिकन गिटारवादकाचं ऐका. केंटकीचा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस त्याने पोरवयात रेडिओवर ऐकला. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकच बोट वापरतो हे रेडिओवर दिसणार कसं? ॲटकिन्सने अंदाजाने अंगठा आणि दोन-तीन बोटं लावली आणि त्यातून त्याची स्वतःची शैली उभी राहिली. घरच्यांना एलिझाबेथ कॉटन या अमेरिकन लोकगायिकेचं सांगा. ही डावखुरी बाई उजव्या हाताची गिटार उलटी धरायची, म्हणजे जाड तारा बोटांनी आणि चाल अंगठ्याने. कित्येक वर्षं गिटार बाजूला पडली होती, लोकांकडे घरकाम करत होती. तिची पहिली रेकॉर्ड १९५८ साली निघाली, तेव्हा तिने साठी ओलांडली होती.

गिटारीवर थापा मारत, नेकवर दोन्ही हात नाचवत वाजवणारे व्हिडिओ तूर्त बघू नका. त्यात कसब आहे, पण तुमच्या कामाचं नाही. त्यापेक्षा सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवून 'डी' करा. आता सहावी, पाचवी, चौथी या तारा मोकळ्याच सा-प-सा वाजतात. अंगठा त्यांवर फिरत राहील आणि डावा हात चालीसाठी मोकळा. पहिल्या दोन-तीन तारांवर आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचं एखादं गाणं शोधा. ही गाणी थोड्या स्वरांत फिरतात आणि तुम्हाला तोंडपाठ असणारच. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी बायका गातील, तेव्हा कोपऱ्यात बसून साथ करून बघा. त्यांच्या पट्टीला जुळवायला कॅपो, म्हणजे नेकवर लावायचा चिमटा, लागेल, तो घेऊन ठेवा.

नखांचं म्हणाल, तर कळण्याची भाकरी थापणाऱ्या हाताला ती टिकायची नाहीत आणि गरजही नाही. बोटाच्या मांसल टोकाने आवाज थोडा मऊ येतो, मला तोच आवडतो. तारा बदलायची वेळ आली की मात्र दहा किंवा अकरा नंबरचा सेट मागा; नंबर जितका मोठा तितक्या तारा जाड. दुकानदार बाराचा पुढे करेल, घेऊ नका, बोटं दुखतील.