अकरा वर्षांची पिचर आणि ४३ फूट

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे, वय अकरा. वर्षभरापासून सॉफ्टबॉल खेळते, तिला पिचरच, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारीच, व्हायचंय. सर सगळ्या मुलींना सरसकट ४३ फुटांवरून बॉल टाकायला लावतात. ‘पुढे तिथूनच टाकायचाय, आत्तापासून सवय होऊ द्या,’ म्हणतात. हिचा बॉल निम्म्या वेळा बॅटरजवळच्या होमप्लेटच्या आधीच टप्पा खातो. घरी आली की खांदा धरून बसते. तिचे बाबा म्हणतात, लांबून टाकल्यानेच ताकद येते. माझ्या मनाला ते पटत नाही. तिच्यासाठी योग्य अंतर किती?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, आधी खांद्याचं. बॉल टाकून झाल्यावर हात भरून येणं वेगळं आणि खांदा धरून बसणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना हात वर नेला की दुखतो का, ते विचारा. दुखत असेल तर पिचिंग बंद आणि डॉक्टरांकडे. तेल चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नका.

आता अंतर. ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, हे मोठ्या बायकांचं आंतरराष्ट्रीय अंतर आहे. जिथे हा खेळ जन्मला आणि गल्लोगल्ली खेळला जातो त्या अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुली साधारण ३५ फुटांवरून टाकतात, बारा वर्षांखालच्या ४० वरून, आणि ४३ त्यानंतर येतं. तिथल्या कॉलेजच्या पोरीसुद्धा १९८८ पर्यंत ४० फुटांवरूनच टाकत होत्या, आणि हायस्कूलला ४३ सक्तीचं झालं ते २०१०-११ मध्ये. सोळा-सतरा वर्षांच्या दणकट मुलींना जे अंतर इतकी वर्षं लावलं नाही, ते आपण सहावीतल्या पोट्टीला कशापायी लावायचं?

बॉलसुद्धा बघा. मोठ्यांचा बॉल १२ इंच घेराचा, जवळपास १८० ते २०० ग्रॅमचा. लहान मुलींसाठी ११ इंची असतो, १७० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या लेकीला १२ इंची बॉल नुसता धरायला सांगा. बोटांनी धरल्यावर तळवा आणि बॉल यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. बॉल तळव्यात रुतून बसत असेल तर सुटताना मनगटाचा झटका बसणारच नाही. तो ढकलला जाईल.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येऊ. समजा तिचा बॉल ताशी ५५ किलोमीटरने जातो आणि पाय पुढे टाकून ती पाचेक फूट पुढून सोडते. हवेचा अडथळा सोडून दिला, तरी ४३ फुटांच्या प्रवासात गुरुत्वाकर्षण तो बॉल नऊ फुटांच्या आसपास खाली ओढतं. ३५ वर हाच आकडा पावणेसहाच्या आसपास राहतो. ही तूट ती कशी भरून काढणार? बॉल वर उडवून. मग तो कमानीने येतो आणि बॅटर निवांत वाट बघत उभी राहते. नाहीतर कंबर पुढे मोडून, कोपर बाहेर काढून, खांद्याने फेकून भरून काढणार. दुखणं तिथूनच येतं. ताकद वाढते ती बरोबर हालचाल हजारदा केल्याने. चुकीची हालचाल हजारदा केली की तीच अंगात मुरते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सत्तावीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यातली ही माझी स्वतःची चूक. स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेली आणि आमच्या मोठ्या पिचरचा हात मोडला. सातवीतली एक उंच, काटकुळी मुलगी मी थेट ४३ वर उभी केली. पोरगी जिद्दीची. तिने बॉल पोचवला, आम्ही दोन सामने जिंकलो, मी खूश. कशी पोचवतेय, हे मात्र बघितलं नाही. बॉल सोडताना ती कमरेतून अशी वाकायची की वेणी पुढे येऊन तोंडावर आदळायची. सगळे हसायचे, मीही हसले. दिवाळीनंतर तिला ३५ वर आणलं तेव्हा तिथूनही ती तशीच वाकायला लागली. ते वाकणं काढता काढता होळी आली.

तर तुम्ही घरच्या घरी काय बघायचं ते सांगते. सकाळी ऊन चढायच्या आत मैदानावर जा आणि पिचर्स प्लेटच्या, म्हणजे ती जिथून बॉल टाकते त्या पट्टीच्या, बाजूला उभ्या राहा, बॅटरमागे बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या मागे नको. विंडमिलचा, म्हणजे हात खांद्याभोवती फिरवण्याचा, गोल पूर्ण होताना मागचा पाय जमिनीवरून ओढत आला पाहिजे. आपल्या काळ्या मातीत त्याची सरळ रेघ उमटते. अंतर झेपत असेल तर वीस बॉलनंतरही रेघ तीच राहते. झेपत नसेल तर रेघ तुटते, कारण पोरगी उडी मारायला लागते. दुसरी खूण बुटाची. मागच्या पायाच्या बुटाचं टोक झिजत असेल तर बूट खराब झाला म्हणून रागावू नका, ते बरोबर चाललंय.

मी तिला ३५ पासून सुरू केलं असतं. वीसपैकी बारा बॉल कॅचरला जागा न सोडता घेता आले, आणि हे सलग तीन दिवस झालं, की एक फूट मागे. ही मोजणी माझी, नियमपुस्तकातली नाही. बारा होईनात तर एक फूट पुढे यायचं, त्यात कमीपणा नाही. स्पर्धा तोंडावर असेल तर आयोजकांच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात तिच्या गटाचं अंतर काय आहे ते सरांना विचारा. सामना त्या अंतरावरच होणार, पण रोजचा सराव तिच्या हातावर ठरू द्या.

उलट चूकही होते, हेही लिहून ठेवते. काही पालक ३५ सोडायलाच तयार नसतात, कारण तिथून विकेटी, अहं, स्ट्राइक-आऊट धडाधड मिळतात. (क्रिकेटचं गाव आहे बाप्पा, जीभ घसरते.) चौदाची मुलगी ताशी ८० ने टाकायला लागली की ३५ फुटांवर समोरच्या पोरीला जेमतेम ०.४ सेकंद मिळतं. आणि फटका सरळ परत आला तर सगळ्यात जवळ पिचरच उभी असते. तिला तोंडाचा मास्क घेऊन द्या.

सरांशी भांडू नका. टेप घेऊन जा आणि एवढंच म्हणा, ‘सर, पंधरा दिवस ३५ वरून टाकू द्या, मग तुम्हीच बघा.’

प्रश्न : आमच्या शाळेत एकच मैदान आहे. लहान-मोठ्या दोन्ही गटांचा सराव तिथेच होतो. पिचर्स प्लेट पावलं मोजून लावतो, पण रोज वेगळी वाटते. सोपा उपाय सांगा.
— क्रीडाशिक्षक, हिंगणा रोड

उत्तर : सर, पावलं सोडा. तुमचं पाऊल आणि तुमच्या सहकारी मॅडमचं पाऊल सारखं नाही. अंतर होमप्लेटच्या मागच्या टोकदार कोपऱ्यापासून पिचर्स प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात. बरेच जण होमप्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजतात. तिथेच १७ इंच जास्तीचे लागतात आणि ४० चे जवळजवळ साडेएकेचाळीस होतात.

४३ ताडून बघायची एक युक्ती. बेस एकमेकांपासून ६० फुटांवर बरोबर लागले असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या बेसमध्ये दोरी ताणा. ती दोरी होम ते दुसरा बेस ही मधली रेषा जिथे कापते ते ठिकाण होमपासून ४२ फूट ५ इंचांवर येतं. प्लेटची पुढची कड त्याच्या सुमारे ७ इंच मागे. बेसच चुकले असतील तर हेही चुकेल, म्हणून आधी होम ते दुसरा बेस ८४ फूट १० इंच आहे का बघून घ्या.

मग ३५, ४० आणि ४३ वर तीन मोठे खिळे जमिनीत ठोका, डोकी मातीच्या दोन बोटं खाली जातील इतके खोल, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधून तिचं टोक वर ठेवा. सकाळी चिंधी शोधायची, प्लेट ठेवायची, फक्की मारायची. सुतळीला गाठी मारून मापं ठेवू नका, दवात भिजली की ती आखडते. आणि उन्हाळ्यात मैदानाला भेगा पडल्या की खिळे सरकतात, तेव्हा जूनमध्ये एकदा स्टीलच्या टेपने पुन्हा मोजून घ्या.