मधल्या सुट्टीतला रडीचा डाव

प्रश्न : दुसरीची मुलं मधल्या सुट्टीत लंगडी खेळतात. बाद झालेलं मूल कबूलच करत नाही; भांडणातच सुट्टी संपते. काय करावं?

उत्तर : या वयातला खोटेपणा बहुधा खेळाबाहेर बसायच्या धास्तीतून येतो. दुसऱ्याच मिनिटाला बाद होऊन उरलेली सुट्टी नुसतं बसायचं असेल, तर मूल वाद घालणारच. म्हणून बाद झालेल्याला पंच करा. लंगडी घालणाऱ्याचा दुसरा पाय टेकला का, हे त्यानं पाहायचं. पुढचा गडी बाद झाला की तो पंच, आधीचा पुन्हा आत. राज्य 30 सेकंदांचंच ठेवा. पाय दमला की टेकतो आणि तंटा तिथेच सुरू होतो. साधारण 6 मीटरचा चौकोन फक्कीनं ठळक आखा, पुसट रेघेवरून हमखास जुंपते.

कुणीच नीट पाहिलं नसेल, तर तो डाव पुन्हा. निवाडा तुम्ही देऊ नका, नाहीतर दर वेळी "बाई, बघा ना!" ठरलेलं. संघ एक-दोन, एक-दोन मोजून पाडा; मुलांनी गडी निवडले की शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. "मी आऊट" असं स्वतःहून सांगणाऱ्याचं कौतुक तिथल्या तिथे, नाव घेऊन करा. 'कच्चा लिंबू' एखाद्या दिवसापुरता ठीक, वर्षभर नको.