"मॅडम, गणित सोडलं तर चालेल का?"

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "नीटच (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यायचीय, मग अकरावीला गणित कशाला?" विचारतात बहुधा वडील. लेकरू शेजारी गप्प बसलेलं असतं.

औसा तालुक्यातली एक मुलगी अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गणिताऐवजी भूगोल, हे घरी ठरलंच होतं. "एक काम धड करू द्या तिला. गणिताचा वेळ बायोलॉजीला मिळंल," वडील म्हणाले.

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. बाहेरून दिलेलं उत्तर पहिल्या चाचणीपर्यंतच टिकतं, असं माझं ठाम मत आहे. तिच्यापुढे कागद सरकवला. "एमबीबीएस नाही मिळालं, तर मनापासून चालतील ते कोर्स लिही. प्रत्येकासमोर लागणारे विषय."

पुढच्या भेटीत तिनं यादी आणली: बीएएमएस (आयुर्वेद), पशुवैद्यक (परभणी, उदगीर), नर्सिंग, बी.फार्म., बी.एस्सी. कृषी. वडील खूश झाले, कारण यातल्या एकालाही गणित लागत नाही. त्यांचं बरोबरच होतं. गणित सोडलं की सगळं बंद, ही भीती खोटी आहे. फार्मसी आणि कृषी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित), पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) दोघांनाही खुले असतात. गणित सोडल्यानं अभियांत्रिकी, आर्किटेक्चर आणि एनडीएतलं (बारावीनंतरची सैन्य अधिकारी प्रबोधिनी) हवाई दल-नौदल जातं. बायोलॉजी सोडल्यानं नीटची सगळी वाट जाते.

कागद परत देताना तळाशी पेन्सिलनं खोडलेली एक ओळ दिसली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

"हे का खोडलं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मीही थांबले. शेवटी वडिलांकडे बघून म्हणाली, "आप्पा, गल्लीतल्यांचे पीकविम्याचे फॉर्म मी भरते ना? कुणाचा कुठं अडकला याची एक्सेलमध्ये यादी केलीय. ते करताना मला वेळ कळत नाही. पण बीजगणितात 40 पैकी 23 पडले."

फॉर्मचं आप्पांना माहीत होतं. ती त्यात रमते, हे त्यांनी त्या दिवशी ऐकलं. भूगोलाआड ती 23 गुणांची लाज झाकत होती, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांतला प्रश्न खरं तर इथंच अडकलेला असतो. म्हणून आता मी गुणांआधी चुका बघते.

तिच्या चुका दोनच जातीच्या निघाल्या: कंसाआधीचं वजा चिन्ह आणि अपूर्णांकांची बेरीज. म्हणजे सातवी-आठवीचं काम. रोज 45 मिनिटं, वीस उदाहरणं, तीन आठवडे. एवढं करूनही त्याच चुका राहिल्या आणि यादीत गणित लागणारा कोर्सच नसला, तर खुशाल गणित सोडावं. ते मी आनंदानं मान्य करते. तिच्या चुका मात्र दुसऱ्याच आठवड्यात निम्म्यावर आल्या.

नीटवाल्यांनाही एक सांगते. विषय सोडल्यानं आकडेमोड सुटत नाही. नीटमध्ये फिजिक्सचे 45 प्रश्न, म्हणजे 720 पैकी 180 गुण. तिच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सदिश (व्हेक्टर) आणि विकलन (डेरिव्हेटिव्ह काढणं) दुसऱ्याच धड्यात होतं, तर गणितात विकलन भाग दोनच्या अगदी शेवटी. म्हणून पहिल्याच महिन्यात सोप्या फलांचं (फंक्शनचं) विकलन करून घ्यावं, नाहीतर गतीचा धडा पाठांतरावर जातो.

पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेणाऱ्यांचं बिघडतं ते अकरावीत. बायोलॉजीची जर्नल आणि क्लासच्या टेस्ट यांत गणित दिवाळीपर्यंत मागं पडतं. सीईटीच्या (अभियांत्रिकी, फार्मसी, कृषीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे 200 पैकी 100. निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यातला साधारण 20 टक्के भाग अकरावीचा. पीसीएम आणि पीसीबीची परीक्षा वेगवेगळी होते, दोन्ही देता येतात.

जाताना तिनं विचारलं, "कॉम्प्युटर आवडतो, तर बायफोकल घेऊ?" बायफोकल म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय. 200 गुणांचा तो विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय जातो, तिची बायोलॉजी गेली असती. तिनं मराठी ठेवली आणि चारही विषय घेतले.