काजवे, माश्या आणि सेन्सरची बॅटरी

प्रश्न : भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर अख्खं झाड एकदम लुकलुकतं ते काजव्यांमुळे, हे माहितीये. आमचे सर म्हणतात यावरूनच वायरलेस सेन्सर नेटवर्क जुळवतात. पण मधे सगळ्यांना वेळ सांगणारा कुणी मास्टर नसताना वेळ जुळते कशी, आणि जुळवायची तरी कशाला? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : आधी कशाला ते सांगतो. सेन्सर नोड, म्हणजे आजूबाजूचं काहीतरी मोजून रेडिओवरून शेजाऱ्यांना कळवणारं छोटं यंत्र, चालतो दोन सेलवर, आणि त्यातला रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी मेसेज घेताना लागते जवळजवळ तेवढीच बॅटरी खातो, म्हणून नोडला बहुतेक वेळ झोपवून ठेवतात, पण मग जागे सगळे एकदमच व्हायला हवेत ना, नाहीतर एक बोलतोय आणि शेजारी ढाराढूर.

आता काजवा. प्रत्येकाच्या आत एक काउंटर चढतोय असं धरा, भरला की चमकायचं आणि परत शून्यावर यायचं. शेजारी चमकला की आपला काउंटर जरासा पुढे ढकलायचा, बस एवढंच. सगळे सगळ्यांना दिसत असतील तर सुरुवात जवळपास कशीही असली तरी शेवटी एका तालात येतात, हे मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी 1990 मध्ये गणिताने सिद्ध केलं. अट एक, काउंटर आधी भरभर आणि मग हळू चढला पाहिजे, सरळ रेषेत नाही (पोरं नेमकं हेच विसरतात).

खरी गोची रेडिओत आहे. उजेड दिसतो तत्क्षणी, मेसेज मात्र चॅनल मोकळा होईपर्यंत अडकून पडतो, आणि सगळे खरंच एका तालात आले की मेसेज एकमेकांवर आदळणार! हार्वर्डच्या टीमने 2005 मध्ये यावर तोड काढली: मेसेज मुद्दाम थोडा मागेपुढे पाठवायचा, किती उशीर झाला ते त्यातच लिहायचं, आणि ऐकणाऱ्याने लगेच उडी न मारता सगळं नोंदवून ठेवून पुढच्या फेरीत एकदम हिशोब करायचा. 24 नोडवर करून बघितलं, चूक 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास. माझ्या मते काजव्यापेक्षा ही तोडच जास्त भारी आहे.

प्रश्न : मुंगी, मधमाशी, लांडगा, देवमासा... सगळ्यांच्या नावाने नेटवर्कच्या पद्धती आहेत, प्रोजेक्टला कुठला प्राणी घेऊ? – त्याच विद्यार्थ्याचा

उत्तर : लांडगा-देवमासा सोडा, पुष्कळदा नुसतं नाव प्राण्याचं असतं. मुंग्यांवरून वाट शोधायचं काम जुनं आणि पक्कं आहे, संशोधक डोरिगो यांचा त्यावरचा प्रबंध 1992 चा, पण मेसेजची वाट शोधायला सारखी डेटाची पाकिटं सोडत बसलात तर बॅटरीच संपेल. मी असतो तर फळमाशी घेतली असती. तिच्या अंगावरचे संवेदी केस तयार होताना काही पेशी पुढारी होतात आणि शेजारच्यांना दाबून टाकतात, त्यावरून 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नोडमधून पुढारी निवडायची एक पद्धत आली: नोड अधूनमधून नशिबावर ‘मी’ म्हणतो, ही शक्यता हळूहळू वाढवत नेतो, त्या वेळी आजूबाजूला दुसरं कुणी बोललं नाही की तो पुढारी, शेजारी बाद. शेजारी किती आहेत हेही माहीत असायची गरज नाही, आणि मेसेज फक्त एका बिटाचा. पाच-सहा स्वस्त बोर्ड घेऊन हॉस्टेलच्या रूममध्येच करून बघता येईल.